बेटाने मागून घेतलेला माणूस

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा समुद्राचे नकाशे अर्धेच काढून झाले होते, आणि उरलेला अर्धा समुद्र प्रत्येक राजाला आपलाच वाटे.

अशाच एका राजाने दुलबा नावाच्या आपल्या सरखेलाला, म्हणजे आरमाराच्या प्रमुखाला, हुकूम केला की दक्षिणेचे हिरवे बेट जिंकून ये. दुलबा मोठ्या उमेदीने निघाला. पण बेटाभोवती पाण्याखाली खडकांचे कडे होते. त्यावर आदळून त्याची सगळी गलबते फुटली. तोफा-तलवारी तळाशी गेल्या आणि माणसे गटांगळ्या खाऊ लागली.

बेटावरच्या लोकांनी भराभर होड्या लोटल्या आणि हाती लागेल त्याला ओढून काढले. त्यांची प्रमुख एक म्हातारी होती. तिला सगळे बया म्हणत. बयाने या वाचवलेल्या लोकांना झऱ्याचे पाणी दिले, झोपड्यांना जागा दिली.

दुलबाची माणसे तिथेच राहिली. आधी नाइलाजाने, मग आवडीने. लग्ने लागली, पोरे झाली, आणि ती पोरे दोन्ही भाषा एकत्र करून भांडू लागली. दुलबा मात्र मनातून अजून राजाचाच चाकर होता.

बरीच वर्षे लोटली. एका सकाळी क्षितिजावर शीड दिसले. राजाचे जहाज! दुलबा एकटाच होडी वल्हवत जहाजावर गेला.

कप्तानाने त्याला मिठीच मारली. राजाने बेट घ्यायला नवी फौज पाठवली होती. दुलबाने फक्त खडकांमधली वाट दाखवायची, मग बेटाची सुभेदारी त्याचीच.

दुलबाने वळून किनाऱ्याकडे पाहिले. चुलींचा धूर वर चढत होता.

"वाट मला ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण दाखवणार नाही. मला बुडताना ज्यांनी ओढून काढले, त्यांच्या घरांवरून ती जाते."

कप्तान संतापला. फितूर म्हणून त्याने दुलबाला डोलकाठीला बांधले.

किनाऱ्यावरून ते दिसले, आणि दुपारपर्यंत समुद्र होड्यांनी भरून गेला. बेटकरी होते, दुलबाचे जुने खलाशी होते, बायका होत्या, आणि प्रत्येक होडीत पाण्याने भरलेले घडे होते. लांबच्या प्रवासात जहाजावरचे पाणी केव्हाच संपत आले होते. शिपाई ओठ चाटत कठड्याशी गोळा झाले.

पुढच्या होडीत बया उभी राहिली. "आमचा माणूस द्या आणि पाणी घेऊन जा."

"तो राजाचा माणूस आहे," कप्तान म्हणाला.

"राजाला त्याची आठवण व्हायला एवढी वर्षं लागली. आम्हाला सकाळपासून करमेना."

कप्तान काही बोलायच्या आत त्याच्याच शिपायांनी दोर कापला. कप्तानाने तहानलेल्या माणसांकडे पाहिले आणि मान खाली घातली. घडे वर गेले, दुलबा खाली उतरला, आणि जहाज परत फिरले.

होड्या शंख फुंकत, एकमेकींशी शर्यत लावत किनाऱ्याला आल्या. दुलबाला हुंदका आवरेना. किनाऱ्याच्या वाळूवर सगळे एकत्र बसले आणि ते बेट एक देश झाले. त्या देशाने राजा केला नाही. खडकांमधली वाट मात्र तिथे प्रत्येक पोराला शिकवतात, कुणी बुडत असेल तर काढायला.

तात्पर्य: जी भूमी आपल्याला जगवते, तिचे मालक होण्यापेक्षा तिची माणसे व्हावे.