गुळाच्या पोत्यातला मांजा

एका गावात एक मिशी होती आणि तिच्यामागे रखमाजी शेठ नावाचा गुळाचा व्यापारी होता. गावकरी ओळख अशीच करून द्यायचे, कारण दुकानात शिरताना आधी मिशी आत जायची आणि मग शेठ. गूळ तो बेताचाच विकायचा, पण पतंगात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. संक्रांतीला तो आपल्या धाब्यावर चढला, की शेजारच्या धाब्यांवरची मंडळी आपापले पतंग गुपचूप दुसऱ्या अंगाला न्यायची. त्याचा मांजा आजवर कोणी कापलेला नव्हता.

त्या गावात एक खुळी रीत होती. पतंग कापला गेला की ज्याचा गेला त्यानं मान खाली घालून उरलेला मांजा फिरकीवर गुंडाळायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत थाळ्या बडवायच्या. त्यामुळे मांजा गुंडाळणं म्हणजे हरणं, हे रखमाजीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो दर संक्रांतीला नवा मांजा आणायचा आणि संध्याकाळी जुना टाकून द्यायचा. पण एका वर्षी मांजा असा काही धारदार लागला, की शेठनं दुपारपर्यंत निम्मं आभाळ रिकामं केलं. हा मांजा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा, असं त्यानं ठरवलं.

"अहो, मग फिरकीवर गुंडाळून ठेवा की," त्याची बायको सगुणा म्हणाली.

"का? माझा पतंग कापला गेलाय?"

"बरं, मी गुंडाळते. दार लावून घेते, म्हणजे झालं."

"आणि कोणी फटीतून पाहिलं तर? शेठच्या घरात मांजा गुंडाळतात म्हणून गावभर होईल!"

असं म्हणून त्यानं पायाशी पडलेला मांज्याचा ढीग उचलला, गुळाच्या एका रिकाम्या पोत्यात कोंबला आणि पोतं माळ्यावर भिरकावलं. सगुणानं कपाळाला हात लावला.

त्याच गावात भिवा होता. त्याचं चावडीजवळ केस कापायचं दुकान होतं. कात्री धरावी ती भिवानंच, पण पतंग धरला की त्याचं काही खरं नसे. दर संक्रांतीला शेठ त्याचाच पतंग सगळ्यांच्या आधी कापायचा. मग तो धाब्याच्या कोपऱ्यात बसून मांजा गुंडाळायचा. थाळ्यांची त्याला इतकी सवय झाली होती, की तो त्यांच्या तालावर फिरकी फिरवायचा.

पुढच्या संक्रांतीच्या तोंडावर रखमाजी मिशी कोरून घ्यायला भिवाकडे गेला. दुकानात चार माणसं होती. चार माणसं दिसली की शेठची जीभ सैल सुटायची.

"भिवा, संक्रांतीला दिवस मावळायच्या आत तुझा पतंग कापला नाही, तर ही मिशी तुझ्याच वस्तऱ्याखाली देईन!"

"कशाला शेठ? मिशी वाढायला फार दिवस लागतात," भिवा म्हणाला. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

संक्रांतीच्या दिवशी सारा गाव धाब्यांवर चढला. रखमाजीनं पोतं आणलं आणि ऐटीत त्याचं तोंड सोडलं. आतून आधी मुंग्या निघाल्या. मधे एक पावसाळा होऊन गेला होता, पोत्याला लागलेला गूळ पाझरला होता आणि मांज्याचा एक चिकट गोळा झाला होता. शेठनं एक दोरा ओढला तर दुसरीकडे गाठ बसली. ती सोडवायला गेला तर तिसरीकडे दोन बसल्या. शेजारचे तिघे मदतीला धावले. थोड्या वेळानं चौघांना चार टोकं सापडली आणि प्रत्येक जण आपलंच टोक खरं म्हणून ओढू लागला. मांज्याला टोकं दोनच असतात, हे कोणाला सुचलं नाही.

नवा आणावा तर मांजेवाल्याचा माल कालच संपलेला. कोणाकडे मागावा तर मिशी आडवी येत होती. शेवटी गुंत्यातून जेवढा निघाला तेवढ्या मांज्यावर शेठनं पतंग उडवला. तो जेमतेम दारातल्या कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत पोचला. भिवाचा पतंग मात्र ढगात ठिपक्यासारखा दिसत होता.

"शेठ, पतंग जरा वर घ्या," भिवा पलीकडून ओरडला. "इथून दिसत नाही!"

"मुद्दाम खाली ठेवलाय! डाव आहे माझा!" शेठनं गर्जना केली आणि हिसका द्यायला एक पाऊल मागे टाकलं. ते गुंत्यात पडलं. तेवढ्यात मुंग्या धोतरात शिरल्या. शेठ एका पायावर नाचला, मग दुसऱ्या पायावर नाचला, आणि दर उडीला पायाभोवती एक वेढा वाढला. शेठ आनंदानं नाचतोय असं वाटून गावानं थाळ्यांचा ताल धरला. शेवटी तो धपकन खाली बसला आणि त्याचा पतंग लिंबात अडकला. धोतर जाड होतं म्हणून मांज्याच्या धारेपासून पाय वाचले.

"भिवाभाऊ, कात्री आणा हो!" सगुणानं हाक मारली.

"आलोच वहिनी. एवढा मांजा गुंडाळतो आणि येतो."

सगळ्या गावादेखत भिवानं पतंग उतरवत शांतपणे मांजा गुंडाळला. मुंग्या चावत असताना रखमाजीला तो सबंध वेळ पाहत बसावं लागलं. मग भिवा आला आणि ज्या मांज्याला आजवर कोणी कापू शकलं नव्हतं, त्याचे कात्रीनं तुकडे केले. तोवर दिवस मावळला. साऱ्या गावाचे डोळे मिशीवर लागले.

"राहू द्या शेठ," भिवा हळूच म्हणाला. "संक्रांत आहे. कोणी काही म्हणणार नाही."

रखमाजीला रडू येत होतं. तरी तो म्हणाला, "शब्द माझा होता. चालव वस्तरा."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसालाच विचारत होती, "शेठ कुठे गेले?" तो माणूस नव्या फिरकीवर सकाळीच आलेला नवा मांजा गुंडाळत होता, तोही भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. एकानं त्याला ओळखलं आणि हसत थाळी बडवायला घेतली.

"नुसता बडवतोस काय?" रखमाजी म्हणाला. "ये, हे टोक धर."

तात्पर्य: काम संपल्यावरची आवराआवर करायला जो लाजतो, त्याची लाज पुढे चारचौघांत जाते, म्हणून आधी मांजा गुंडाळावा, मग मिशीला पीळ द्यावा.