दोन पाकळ्यांचा कौल

“...मग देव तिलाच कसा पावतो, बुवा?”

सुलक्षणा गाभाऱ्याच्या पायरीवर बसली होती. होस्टेलवरून सकाळच्या एस्टीने आली ती तशीच थेट देवळात. घरी आईला अजून पत्ताही नव्हता.

परीक्षा तोंडावर आलेली. पोरीला झोप नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. पुस्तक उघडलं की छाती धडधडायची. तिने गुरुवार धरले, शनिवार धरले, मनगटभर दोरे बांधले. सगळं करून झालं.

आणि तिच्या खोलीतली हेमांगी? कधी उदबत्ती लावील तर शपथ. अंथरुणावर पडता पडता एकदा हात जोडायची, की लागली घोरायला.

ते घोरणं ऐकून सुलक्षणाचा जळफळाट व्हायचा.

“ती वाईट आहे का गो?” म्हाताऱ्या पुजारीबुवांनी विचारलं.

“वाईट असती तर बरं झालं असतं.”

बुवांनी फुलांचं तबक पुढे ओढलं.

कौल कशाचा लावू, असं त्यांनी विचारलं. कॉलेजात राहू की सोडून घरी येऊ, तेवढं देवाने सांगावं, ती म्हणाली. सांगेल तसं करीन.

रीत साधी. ओली पाकळी देवाच्या छातीला चिकटवायची. उजवीकडे गळली तर होकार, डावीकडे गळली तर नकार.

बुवांनी राहण्याचा कौल मागून तांबडी पाकळी लावली.

“हेमांगीची पण लावा.”

“तिचं काय विचारू?”

“तिचं हे... असंच सुखाचं चालणार का.”

बुवांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग शेजारी पांढरी पाकळी लावली.

सुलक्षणाची नजर त्या पांढरीवर खिळली. डावीकडे जा, बाई. एकदा तरी तिला कळू दे, रात्र कशी जाते ते.

पांढरी जराशी सरकली. अडकली...

मग उजवीकडे गळली.

सुलक्षणाचे डोळे भरून आले. “बघा. देवसुद्धा तिचाच.”

पदराने डोळे पुसून तिने वर पाहिलं. देवाची छाती मोकळी होती.

“माझी कुठंय?”

बुवांनी मूठ उघडली. तांबडी पाकळी तळहातावर होती.

“तुझी आधीच पडली.”

“कुठल्या अंगाला?”

बुवांनी पाकळी तीर्थाच्या पाण्यात सोडून दिली.

“तेच बघायला तर तू आली होतीस गो.”