आधी उत्तर, मग प्रश्न

फार पूर्वी तळ्याकाठच्या शाळेत टिटवीबाईंना एक गोष्ट खटकली. त्यांचा प्रश्न संपायच्या आतच पिल्लं उत्तर देत. “जड वस्तू…” म्हणताच सगळी एका सुरात, “बुडते, बाई.”

एक दिवस बाईंनी एक करवंटी आणि तिच्याहून हलका खडा पिल्लांच्या हाती दिला. “यातलं काय बुडेल?”

असा प्रश्न वहीत नव्हता. पिल्लं वह्यांची पानं उलटत राहिली.

दारात उभे असलेले हेडमास्तर बगळे हसले. “बाई, शाळा सुटेपर्यंत उत्तर आलं नाही, तर उद्यापासून हा वर्ग मी घेणार.”

बाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. पण उत्तर त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी कासवाची ठमी पुढे सरकली. “माहीत नाही, बाई. टाकून बघू?”