जित्या तोंडातलं सोनं

फार फार वर्षं झाली, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. आपल्या गावात केसूशेट सोनार होता. मुंगीच्या पायात पैंजण घालील असा त्याचा हात, असं म्हणतात.

तेव्हा देवीची पालखी निघायची ती म्हाळू घडशाच्या सनईवर. सनई नाही तर पालखी नाही. आणि एका साली बैलानं मान झटकली नि म्हाळूचे पुढचे दोन दात गेले. सनई तोंडाला लावली की नुसती फुसफुस. म्हाळूनं अन्न टाकलं, भिंतीकडे तोंड करून निजला. शिमगा जवळ आला.

केसूशेटानं सांबरशिंगाचे दोन दात कोरले, शेजारच्या दातांना रेशमानं बांधले. पहिल्याच सुराला दात अंगणात, आणि कोंबडी धावली. केसूशेट म्हणाला, आता सोन्याच्या तारेनं बांधतो, मग जन्माचे बसतील.

म्हाळूची आई आवडाबाय दारात आडवी झाली. सोनं मेल्याच्या तोंडात घालतात, हे कुणाला ठाऊक नाही?

"शेट, माझा लेक जिता आहे अजून."

केसूशेट वाद घालत बसला नाही. त्यानं स्वतःच्याच दातांना सोन्याची तार गुंडाळली आणि देवळाच्या पायरीवर त्याच दातांनी ऊस सोलत बसला. लोक रोज येऊन बघून जायचे, मेला की काय. पोरं तर तोंडावरच विचारायची, शेट, कधी मरणार?

"ऊस संपला की बघू," तो म्हणायचा.

पालखीच्या आदल्या दिवशी आवडाबाय आली. पदराची गाठ सोडली. आत गव्हाएवढा सोन्याचा मणी, स्वतःच्या मरणासाठी जपलेला.

"ह्याची तार ओढ. माझ्या तोंडात तुळस चालेल."

केसूशेट ओढत गेला, तार संपेना, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी म्हाळूनं सनई फुंकली, तेव्हा पालखी खांद्यांवरून चार बोटं आपोआप वर उचलली गेली.

आवडाबाय गेली ती तुळशीपानावर. तेव्हापासून आपल्या गावात मेल्याच्या तोंडात सोनं घालत नाहीत. तो मणी जित्या माणसाच्या नडीला ठेवतात. आणि शिमग्याला पालखी अजून केसूशेटाच्या जोत्यापुढे थांबते. जोत्यावर उसाचं कांडं ठेवलेलं असतं. सनईवाला ते दातानं सोलतो, चावून खातो, आणि मगच पहिला सूर लावतो.