हरिणीचा पांढरा अंगरखा

मुलांनो, एका रानात बांबूची बेटे इतकी दाट होती की भर दुपारीही जमिनीवर उन्हाचे नुसते कवडसे पडत. त्या रानात एक तरुण हरिणी आपल्या कळपाबरोबर राहत असे. तांबूस कातडे आणि त्यावर पांढरे ठिपके, कळपातल्या सगळ्यांचे असते तसेच तिचे रूप. यंदा तिला पहिले पाडस झाले होते, आणि यंदाच कळपातल्या थोरल्या हरिणीने तिला राखणीच्या पाळीत घेतले होते.

राखण हे मोठ्या मानाचे काम. कळप तळ्यावर पाणी प्यायला उतरला की एकीने बांबूच्या सावलीत कान टवकारून उभे राहायचे आणि वारा हुंगत राहायचे. वर टेंभुर्णीच्या झाडावर वानर बसलेले असत. वानरांची नजर लांबची, हरणांचे नाक लांबचे. वाघाची चाहूल ज्याला आधी लागेल त्याने ओरडून दुसऱ्याला सांगायचे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द होता. संध्याकाळी वानरांनी अर्धवट खाऊन टाकलेली टेंभुर्णीची फळे खाली पडत आणि कळप ती वेचत, गप्पा मारत झाडाखाली हिंडे. सकाळी काम, संध्याकाळी हिंडणे, असा त्यांचा दिवस. थोरली रोज एकच गोष्ट बजावी, "राखणदारणीने सावली सोडायची नाही." का सोडायची नाही, हे तिने कधी सांगितले नाही. तिलाही ते कोणी सांगितलेले नव्हते.

त्या वर्षी वैशाख फार तापला. तळ्याचा काठ भेगाळला, दगडांवर खूर ठेववेना. अशा दिवसांत मोकळ्या माळावरच्या वडाखाली कोल्ह्याने दुकान मांडले. रानातल्या आठपायी कोळ्यांकडून त्याने तऱ्हेतऱ्हेचे उन्हाळी कपडे विणून घेतले होते आणि पारंब्यांवर टांगले होते. एके सकाळी हरिणी राखणीला निघाली तेव्हा त्याने तिला हटकले.

"या ताई, या! बघून तर जा."

"मला काही नको. मी कामाला चालले आहे."

"तेच तर म्हणतोय! एवढ्या मानाच्या कामाला चाललात आणि अंगावर हे? आजीचे ठिपके, पणजीचे ठिपके. पाडसालाही तेच आणि राखणदारणीलाही तेच! त्या कळपात तुम्ही कोणत्या, हे कोणाला कळतं तरी का?"

हरिणीने मान वळवून स्वतःच्या पाठीकडे पाहिले. आजवर तिने ती कधी नीट पाहिलीच नव्हती. आता पाहिली, आणि तिला ती जुनाट वाटली.

कोल्ह्याने पारंबीवरून सावरीच्या कापसाचा एक पांढरा अंगरखा उतरवला. ढगाचा तुकडा उतरवावा तसा तो हलकेच खाली आला. "उन्हाळ्याचं गणित सोपं असतं, ताई. गडद रंग ऊन पितो, पांढरा ते परतवतो. कपडा सैल हवा, म्हणजे आत वारा खेळतो. कामाच्या वेळी कमरेला ही बहाव्याची पिवळी माळ बांधायची. एकच हं! दोन बांधल्या की वऱ्हाडात निघाल्यासारखं दिसतं. संध्याकाळी फिरायला जाताना माळ सोडायची आणि गळ्याशी हा शिरीषाच्या फुलांचा गोंडा लावायचा. अंगरखा तोच, थाट वेगळा. कामाचा रुबाब निराळा, हिंडण्याची ऐट निराळी."

मुलांनो, कोल्हा इथे एक अक्षरही खोटे बोलला नाही, हे ध्यानात घ्या. पांढरा कापूस थंडच असतो. सैल कपड्यात वारा खेळतोच. लबाडाचा माल असाच असतो. नऊ गोष्टी खऱ्या सांगून तो दहावी गिळून टाकतो.

"आणि याच्या बदल्यात काय देऊ?" हरिणीने विचारले.

"छे, छे! काही नको. फक्त हा घालून तळ्याच्या मोकळ्या काठावर उभ्या राहा. चार जणांनी पाहावं, एवढीच माझी हौस. उद्या पाडसालाही असाच एक आणून देतो. मायलेकरं शोभून दिसाल."

खरे तर तेव्हाच कोणीतरी कोल्ह्याला दोन प्रश्न विचारायला हवे होते. पहिला, उन्हाळ्याची एवढी काळजी करणारा हा स्वतः त्याच मळकट कातड्यात का हिंडतो? आणि दुसरा, मागच्या आठवड्यात ज्याने इथून पिवळाधमक शेला नेला, ते भेकर कुठे आहे? कोल्हा सांगत असे की त्याला पलीकडच्या रानात मोठा मान मिळाला आहे. रानाने ऐकले आणि मान डोलावली. इतक्या जणांत एकालाही "कोणी पाहिलं?" असे म्हणावेसे वाटले नाही.

हरिणी अंगरखा घालून तळ्याकडे निघाली. टेंभुर्णीवरचा म्हातारा वानर फांदीवरून पडता पडता वाचला.

"अगं बाई! पाण्याला निघालीस की बोहल्यावर?"

"हसा काका, हसा. मला उकडत नाही. तुम्हीही घ्या एक."

"नको गं पोरी. माझं हे काळं तोंड पांढऱ्यावर आणखीनच खुलेल आणि म्हातारी मला पुन्हा पसंत करून बसेल!"

सगळे वानर खिदळले. हरिणीलाही हसू आले. थोरली मात्र हसली नाही.

"सुंदर दिसतेस," ती म्हणाली. "पण सावली सोडू नकोस."

"का सोडायची नाही, मावशी?"

"सोडायची नाही म्हणून सोडायची नाही."

"हे काही उत्तर झालं नाही."

थोरली पाण्याकडे वळली.

हरिणीने आपले पाडस बांबूच्या सावलीत, एका जुन्या वारुळाशी बसवले. "हलायचं नाही हं," असे सांगून तिने त्याचे कपाळ चाटले. कळप पाणी पिऊन पुन्हा बेटात शिरला. राखणदारीण मात्र सावलीतून बाहेर पडली आणि मोकळ्या काठावर जाऊन उभी राहिली.

काय सुख होते ते! वाऱ्याची झुळूक अंगरख्यातून आरपार जात होती. पाण्यात तिचे प्रतिबिंब पडले होते: शुभ्र, झळझळीत, कमरेला पिवळी रेघ. तळ्यावरचे बगळे तिच्याकडे वळून पाहत होते. साऱ्या रानात ती एकटीच कोणीतरी आहे असे तिला वाटले. त्या नादात वारा हुंगायचे राहून गेले.

इतक्यात वरून म्हातारा वानर ओरडला, "खक्! खक्! खक्!"

हा आवाज थट्टेचा नव्हता. हरिणीने नाक वर केले. वाऱ्यावर वाघाचा उग्र दर्प होता. तीही ओरडली आणि कळपाला सावध करण्यासाठी झर्रकन बेटाकडे वळली.

आणि तिथेच थिजली.

बेटात कोणीही नव्हते.

आत्ता तर सगळी आत गेली होती! तिने डोळे ताणून पाहिले. बांबू होते, वाळका पाचोळा होता, आणि पानांतून गळून खाली सांडलेले उन्हाचे असंख्य कवडसे होते. तांबूस माती, तिच्यावर पांढरे ठिपके. मग त्यातल्या काही ठिपक्यांनी श्वास घेतला. तिला एक पाठ दिसली, तिच्यामागे दुसरी, आणि पापणी लवताच दोन्ही पुन्हा ऊनसावलीत विरघळल्या. थोरली अगदी समोर होती, चार उड्यांवर, नजर रोखून उभी. हरिणी तिच्या आरपार पाहत होती!

आयुष्यभर ती त्या ठिपक्यांच्या आत राहिली होती, म्हणून तिने ते बाहेरून कधी पाहिलेच नव्हते. कळपातल्या कोणीच पाहिले नव्हते. ज्याला ती आजीचा जुनाट कपडा समजत होती, तो साक्षात रानाने बेतला होता. ऊन कातरून, सावली बेतून, प्रत्येकीच्या अंगावर बसवून दिला होता, आणि त्याची शिवण कुठे दिसत नव्हती. मरण पाठीशी असतानाही क्षणभर ती नुसती पाहत राहिली.

तळ्यापलीकडचे गवत दुभंगले आणि वाघ बाहेर आला. त्याची पिवळी नजर सावकाश बेटावरून फिरली. कळपावरून फिरली, थोरलीवरून फिरली, वारुळावरून फिरली, आणि कुठेही अडली नाही. अडली ती थेट पांढऱ्या अंगरख्यावर.

हरिणीचे पाय आपोआप बेटाकडे वळू लागले. भ्यालेले हरीण कळपाकडेच धावते. पण बेटात पाडस होते. ती आत शिरली तर तिच्यामागे वाघही शिरला असता. तिने पाय रोवले, तोंड फिरवले आणि उघड्या माळावरून दुसऱ्याच दिशेला उसळली.

"तिकडे नको!" वानर किंचाळला. "तिकडे करवंदीची जाळी आहे!"

तिला तेच हवे होते.

मागे वाघाच्या पावलांचा धप् धप् आवाज जवळ येत होता. अंगरख्यात वारा भरला होता आणि तोच तिला मागे ओढत होता. तिने डोळे मिटून स्वतःला जाळीत झोकून दिले. काट्यांनी कापूस धरला, माळ धरली, तिचे कातडेही धरले. तिने जीव खाऊन हिसडा दिला. टर्रर्र! अंगरखा काट्यांवरच राहिला आणि ती पलीकडे उतरली. त्याच क्षणी वाघ त्या पांढऱ्या ढिगावर कोसळला.

पलीकडे बांबूचेच एक लहानसे बेट होते. हरिणी त्याच्या सावलीत गेली आणि तिने सगळ्यांत अवघड गोष्ट केली. ती थांबली. अंगातले रक्त 'पळ, पळ' म्हणत असताना ती एक कानही न हलवता उभी राहिली.

वाघाने मान वर केली. मिशांना कापूस, नाकात कापूस. त्याला एक सणसणीत शिंक आली. मग त्याने समोर पाहिले. त्याची नजर हरिणीच्या डोळ्यांत पडली, तिच्या पाठीवरून घरंगळली आणि शेजारच्या पाचोळ्यावर गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. वारा त्याच्याकडून तिच्याकडे वाहत होता, त्यामुळे वासही त्याच्या मदतीला आला नाही. एका उडीवर उभी असलेली हरिणी रानाच्या त्या राजाला दिसली नाही. तिच्या पाठीवर उन्हाचे कवडसे पडले होते, आणि त्यात ऊन कोणते आणि ठिपका कोणता, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

"वाघोबा!" टेंभुर्णीवरून वानर ओरडला. "दात पडले की काय? कापूस चघळायला लागलात तो?"

साऱ्या झाडावर हशा पिकला. बोभाटा झाल्यावर वाघाची शिकार संपते, हे वाघालाही ठाऊक असते. तेवढ्यात गवतातून कोल्हा जिभल्या चाटत पुढे आला. वाघ खाऊन उठला की उरलेल्यावर ताव मारायचा, हाच त्याचा खरा धंदा होता.

"झालं का जेवण, महाराज?"

"कापूस आहे," वाघ गुरगुरला. "तू जेव." आणि त्याने पंजा उचलला. कोल्हा जो पळाला तो दुकान, पारंब्या, कपडे सगळे तिथेच टाकून रानाबाहेर गेला.

वाघ दूर गेल्याचे वानराने सांगेपर्यंत हरिणी हलली नाही. मग मात्र ती धावत सुटली. अंगावर ओरखडे होते, त्यांतून रक्त येत होते, पण तिला एकच ध्यास होता. ती वारुळाशी पोचली.

तिथे पाडस नव्हते.

ज्या जागी तिने त्याला बसवले होते तिथे पाचोळा होता आणि पाचोळ्यावर मूठभर कवडसे होते, बस्स. थोरली तिच्याजवळ आली.

"बाळा?" हरिणी पुटपुटली.

त्या मूठभर उन्हातले दोन काळे डोळे हळूच उघडले.

"आई," ऊन म्हणाले, "आता हलू का?"

तात्पर्य : कपडा निवडताना आपण कसे दिसू एवढेच पाहू नये, कोणाला दिसू, हेही पाहावे. आणि जो आपल्याला फुकट सजवतो, त्याचे पोट कशावर भरते, हे आधी विचारावे.