आवडीचं धोंडस

सावरकोंड हे गाव नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. खाडी सोडून घाटीने वर चढलं की नुसता कातळ लागतो. त्या कातळाच्या कुशीत सव्वीस घरं आणि मधोमध सांबाचं देऊळ. एवढंसं गाव, पण ओंजळ महाराजांनी चातुर्मासाचे चार महिने राहायला तेच निवडलं. बाजारपेठेची मोठी मोठी गावं वाट बघत बसली आणि महाराज आले आमच्याकडे! हे सांगताना माझी मान ताठ होते. होऊ दे.

महाराज कुठले, त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ऊन डोक्यावर आलं की ते देवळाच्या पायरीवर बसत आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे करत. ताट नको, पान नको. एका घरचं, ओंजळीत मावेल तेवढं अन्न, दिवसातून एकदाच. ते संपलं की दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत फक्त पाणी. एखाद्या दिवशी कुणी नाही वाढलं, तर तसेच हसतमुखाने उठत आणि नामस्मरणाला बसत.

गावाने आपापसात वार लावून घेतले. आज याच्या घरचं, उद्या त्याच्या घरचं. वार पंचवीस घरांना होता. सव्विसावं घर आवडीचं, ते कुणी धरलंच नव्हतं.

आवडी दुसऱ्यांचं भात कांडून पोट भरायची. मजुरी म्हणून तिला कणी मिळायची. म्हणजे कांडताना तुटलेले तांदळाचे तुकडे. नवरा गलबतावर गेला होता, त्याला अकरा वर्षं झाली. तो आला नाही, आणि तो वारल्याची खबरही आली नाही. तिने कुंकू लावावं की पुसावं, हे काही गावाला ठरवता येईना. ठरवता येईना म्हणून गावाने तिला सगळ्याच शुभकार्यांतून बाहेर ठेवलं. फार सोपं असतं ते! आवडी मात्र रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायची आणि मुसळ उचलायची.

आणि वेणूबाई. गावकारांची सून, पहिल्या मानाचं घर. तिच्या पंगतीला जेवलेली माणसं दुसरीकडे जेवताना तिची आठवण काढत. तिच्या हाताला चव होती, नाही म्हणून मी पाप कशाला घेऊ? लपवण्यातही अर्थ नाही, ती आमच्याच घरातली. माझ्या सासऱ्यांची आजी. पण हाताला चव असली की जिभेला धार येते, हे आमच्या घराण्यात आहेच.

महाराजांच्या वाराच्या दोन रीती बायकांनी घालून ठेवल्या होत्या. एक, रांधणारीने नैवेद्यातलं काही चाखायचं नाही. शिजलेलं नाही, कच्चंही नाही. चाखलं की उष्टं झालं. दुसरी रीत जरा दुष्टच. महाराजांच्या ओंजळीत शीतभर जरी उरलं, तर त्या घरचा वार कायमचा गेला. महाराजांना यातलं काही विचारलं नव्हतं. बायकांना रीती लावताना कुणाला विचारावं लागतं का?

आश्विनातली गोष्ट. त्या दिवशी वार होता तळेकरांचा. पहाटे त्यांच्याकडे नात जन्मली आणि घराला सोयर आलं. सोयरातल्या घरचं अन्न देवाला चालत नाही. विहिरीवर बायका जमल्या. आता महाराजांना वाढणार कोण?

"मी वाढते," वेणूबाई घागर कमरेवर घेत म्हणाली. "आमच्याकडे काय, कधीही चूल पेटवली तरी पाच पदार्थ होतात."

"वैनी, आजचा वार मला द्या," आवडी म्हणाली.

सगळ्या जणींनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग कुणीतरी खुदकन हसलं.

"तुला गो?" वेणूबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "महाराजांना काय वाढशील? कोंडा?"

"कोंडा तुमच्या गोठ्यात जातो, वैनी. माझ्याकडे कणी आहे."

"ऐकलंत? कणी म्हणे! कोंबड्यांना टाकतो आम्ही."

"टाकता ना. ती कांडून, पाखडून मीच तुमच्या कोंबड्यांना देते. एक दिवस महाराजांना दिली तर कोंबड्या रागावणार आहेत का?"

आता हसणाऱ्या वेणूबाईला सोडून आवडीच्या बाजूने हसू लागल्या आणि तेच वेणूबाईला झोंबलं. प्रकरण देवळात गेलं. महाराज ओट्यावर बसून झाडू बांधत होते. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

महाराज म्हणाले, "ज्या घरची चव मला ठाऊक नाही, त्या घरचं आज येऊ दे."

झालं! यावर बोलणार कोण? पण वेणूबाई देवळाबाहेर येताच म्हणाली, "दिला वार. पण रीत सगळ्यांना सारखी. ओंजळीत उरलं, तर पुन्हा वार मागायचा नाहीस. आणि देवळाची पायरीही चढायची नाहीस."

पायरीचं तिने पदरचं घातलं. पण गावात एकही जण बोलला नाही. आवडीला बाकी सगळं बंद होतं, तेवढी ती पायरी उरली होती. ती म्हणाली, "बरं."

घरी येऊन तिने डबे उघडले. डबे कसले, तीन मडकी. एकात दोन ओंजळी कणी. दुसरं गुळाचं, रिकामं, पण तळाला आणि कडांना गूळ चिकटून दगड झालेला. तिसऱ्यात मीठ. शिंक्यावर अर्धा नारळ. परसात हळदीची पानं. दूध नाही, तूप नाही, वेलची तर स्वप्नात. ती कपाळाला हात लावून बसली असेल असं वाटतं ना तुम्हाला? ती कसली बसते! तिने कणी जात्यावर भरडून तिचा रवा केला, कोरडाच भाजला, आणि गुळाच्या मडक्यात गरम पाणी ओतून ठेवलं. कडेचा सगळा गूळ सुटला, तांबूस पाक झाला. एवढ्यात वेणूबाईकडचा गडी दारात एक मोठं पिकलं तवसं ठेवून गेला. "वैनींनी दिलंय. नैवेद्याला हातभार म्हणून."

तवसं म्हणजे आपली जून, पिवळी, मोठी काकडी. तवशाचं धोंडस कोकणात कुणाला सांगायला नको. केकसारखं खरपूस, पण केकपेक्षा शंभरपट चांगलं. आवडीला वाटलं, देवच पावला. वैनींचं मन वाटतं तेवढं वाईट नाही.

पण मन तेवढंच वाईट होतं. गावकारांच्या गोठ्यामागे एक वेल कडू निघाला होता. त्याचं तवसं म्हशीसुद्धा तोंडात घेत नव्हत्या. वेणूबाईने त्याच वेलाचं, मुद्दाम निवडून, सगळ्यात देखणं फळ पाठवलं होतं.

तवसं चिरायच्या आधी त्याचा देठाकडचा काप काढून तो उरलेल्या तवशावर घासायचा, म्हणजे कडूपणा फेस होऊन बाहेर येतो. हे पोरीबाळींनाही येतं. आवडीने घासलं. फेस आला. पुसून पुन्हा घासलं. पुन्हा फेस. सात वेळा घासलं तरी फेस सरेना. जिभेचं टोक नुसतं लावलं असतं तर कळलं असतं. पण लावलं की नैवेद्य उष्टा. टाकून द्यावं तर रव्यात घालायला घरात दुसरं काही नाही, आणि ऊन पायरीकडे सरकायला लागलेलं.

तिने ते तवसं दोन्ही हातांत धरलं आणि देवळाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "महाराज, हात माझे आहेत. त्यांत मी काही कमी ठेवणार नाही. चव तेवढी तुमच्या हवाली."

आणि मग तिने जे केलं, ते नीट ऐका. तवसं किसलं. किसाला सुटलेल्या पाण्यातच रवा भिजवला, वेगळं पाणी घातलं नाही. गुळाचा पाक, खवलेलं खोबरं, मिठाचे चार खडे. कानाचा टवका उडालेल्या, रुंद तोंडाच्या मडक्याला आतून हळदीची पानं लावली, म्हणजे खाली लागत नाही आणि वासाला वेलचीची गरज उरत नाही. वर झाकण कशाचं? छपराचं एक कौल काढलं आणि उपडं घातलं. खाली मंद विस्तव, वर कौलावर करवंटीचे निखारे. आताच्या ओव्हनला खालून-वरून ऊब लागते म्हणतात. आमच्या आवडीने ती छपराच्या कौलावर आणली होती, कुणी न शिकवता!

घटकाभराने वास सुटला. तो वास आधी शेजारच्या अंगणात गेला, मग विहिरीवर, मग देवळात. माणसं न बोलावता पायरीशी गोळा झाली. पहिली आली ती वेणूबाई.

महाराज पायरीवर येऊन बसले. आवडी मडकं घेऊन आली, स्वच्छ धुतलेलं जुनेर नेसलेली, कुंकू कपाळभर. मडकं पायरीवर पालथं घातलं. धोंडस अखंड सुटलं, वरून खालून सारखं तांबूस, पानांच्या शिरा अंगावर उमटलेल्या. बायकांच्या तोंडून आपोआप "अगो बाई!" निघालं. तिने तुकडा काढून महाराजांच्या ओंजळीत ठेवला.

आणि तिकडे वेणूबाई? आतापर्यंत तिला फक्त आवडी दिसत होती. आत्ता ओंजळ दिसली. आपण कडू विष कुणाच्या तोंडी जायला पाठवलं! ओरडावं तर आपलं कृत्य उघडं पडतं. ती ओरडली नाही. महाराजांनी पहिला घास घेतला.

महाराज खात राहिले. सावकाश, डोळे मिटून. संपलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी इतक्या दिवसांत कुणी पाहिली नव्हती. त्यांनी ओंजळ पुन्हा पुढे केली.

"आणखी आहे का गो, मुली?"

आवडीच्या डोळ्यांतून जे पाणी सुटलं! तिने दुसरा तुकडा ठेवला. तोही संपला. बोटाला लागलेला कणसुद्धा महाराजांनी ठेवला नाही. मग त्यांनी गर्दीत पाहिलं.

"वेणू, पुढे ये. ओंजळ कर."

ती गेली. महाराजांनी आपल्या हाताने तिला प्रसाद दिला. "खा."

सगळा गाव बघतोय. प्रसाद थुंकता येत नाही, हातात धरून बसता येत नाही. तिने जीव मुठीत घेऊन घास तोंडात टाकला. आणि चावायचंच विसरली. गोड! गुळाचा खमंग गोडवा, खोबऱ्याचा ओलसरपणा, हळदीच्या पानाचा सुवास. पाच पदार्थांच्या चुलीवर तिला जन्मात असं धोंडस जमलं नव्हतं. रांधणारी बाई होती ती, जिभेला खोटं सांगता येईना.

तिला वाटलं, आपण वेलच चुकलो. कुणाशी न बोलता ती तडक गोठ्यामागे गेली. त्या वेलावर अजून तीन तवशी होती. तिने कोयत्याने एक फोडलं आणि चाखलं. घसा जळाला. दुसरं फोडलं. तेही तसंच. तिसरं हातात घेतलं तेव्हा तिला रडू फुटलं. वेल तोच होता. फळ तेच होतं.

ती परत आली तेव्हा पदर घसरलेला, हाताला चीक, ओठ कडवटपणाने वाकडे झालेले. गावकारांच्या सुनेला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"महाराज, तवसं मी पाठवलं होतं. कडू वेलाचं. जाणूनबुजून." मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आमच्या घरातल्या बाया चुकतात, पण कबूल करताना पुटपुटत नाहीत. ती महाराजांच्या पायांशी वाकू लागली, तशी महाराजांनी पाय मागे घेतले.

महाराज म्हणाले, "कडू माझ्यापर्यंत पोचलंच नाही, वेणू. वाटेत हिचे हात होते. मी काय केलं? मी तर जेवलो. नमस्कार करायचा असेल तर जिने रांधलं तिला कर."

गावकारांची सून कांडपिणीच्या पाया पडणार? आवडी दोन पावलं मागे सरली. "नको नको वैनी, तुम्ही वडील."

"वयाने आहे गो. गप उभी राहा. मला गुडघेदुखी आहे, दोनदा वाकायला लावू नकोस."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. आवडीसुद्धा. हसतानाच ती म्हणाली, "वाकाल ते वाका, वैनी. पण माझा वार मी आता सोडायची नाही."

"सोडून तर बघ," वेणूबाई म्हणाली. "सव्वीस घरं, सव्वीस वार. आजपासून पहिला तुझा, मग आमचा."

आणि भर दुपारी, उभ्या गावासमोर, गावकारांच्या मानाच्या वेणूबाईने पदर सावरला, दोन्ही गुडघे त्या तापलेल्या कातळावर टेकले आणि आवडीच्या पिठाने माखलेल्या पावलांवर कपाळ ठेवलं. ओंजळ महाराज पायरीवरून बघत होते, आणि ज्यांनी पाहिलं ते सांगत की त्या वेळी महाराजांच्या चेहऱ्यावर जेवून तृप्त झालेल्या माणसाचं समाधान होतं. महाराजांना आमच्या सव्वीसही घरांचा साष्टांग नमस्कार.