बाईंची जुनी आवृत्ती

एकदा एका अंधशाळेत एक वृद्ध संगणक-शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली निरंजन नावाचा एक डोळस, हुशार शिष्य काम शिकत होता. शाळेचा संगणक जुना. पण गुरुजींनी त्याच्या डिस्कचे तीन भाग करून एकाच कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) तीन आवृत्त्या त्यात बसवल्या होत्या. संगणक सुरू केला की पडद्यावर तिन्हींची नावे येत. सर्वांत वर जुनी असे; नुसते एन्टर दाबले की तीच उघडे. दुसरी हवी तर बाणाच्या कळीने निवडून एन्टर दाबायचे.

निरंजनला ही व्यवस्था खुपत असे. "गुरुजी, जुनी पुसून टाकू या. नवीला जागा पुरत नाही, धापा टाकते बिचारी."

"घाई काय आहे?" एवढेच गुरुजी म्हणत.

परवानगी मिळेना, म्हणून एके दिवशी त्याने नावांचा क्रम तेवढा बदलला. नवी वर आणली, जुनी तळाला नेली. यात कुणाचे काय बिघडणार, असे त्याला वाटले.

दुपारी हेमलताबाई आल्या. त्या जन्मांध, शाळेत इतिहास शिकवत. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि प्रश्नपत्रिका ब्रेल छपाईयंत्रावर काढायची होती. त्यांनी संगणक सुरू केला, क्षणभर थांबून सवयीने एन्टर दाबले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ओळखीचा आवाज आलाच नाही. भलताच, भरभर बोलणारा आवाज आला. बोटे कळांवर फिरली, अडखळली. कपाळावर घाम आला.

"निरंजन, माझ्या हातून काही पुसलं तर गेलं नाही ना रे?"

तो ओशाळून पुढे झाला. तेवढ्यात गुरुजी आत आले. प्रकार त्यांच्या ध्यानात आला असावा. काही न विचारता त्यांनी पडद्याचे बटण बंद केले.

"आता बाईंना त्यांच्या जागी पोचव," ते म्हणाले.

निरंजन चक्रावला. त्याने संगणक पुन्हा सुरू केला. नावे आली की नाही तेच कळेना. त्यांना आवाज नव्हता. अंदाजाने कळ दाबली, तर मधली आवृत्ती उघडली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. क्रम त्यानेच लावला होता, तरी बाणाची कळ किती वेळा दाबायची ते चुकत होते. अखेर जुन्या आवृत्तीचा संथ, खरखरीत आवाज उमटला आणि बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

गुरुजी त्याला बाहेर घेऊन गेले. "नवी आवृत्ती चांगली आहे, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण जुनीत कुणीतरी राहतंय. बाईंनी ती बोटांनी पाठ केली आहे. तुझ्यासाठी तो क्रम म्हणजे चार अक्षरं; त्यांच्यासाठी पायाखालची जमीन. बदल अवश्य कर, पण ज्याची वाट बदलायची, त्याला आधी हाक मार."

आत छपाईयंत्राची टकटक सुरू झाली होती. निरंजन बाईंजवळ गेला.

"बाई, क्रम मी बदलला होता. तुमचं काही चुकलं नव्हतं."

बाई त्याच्याकडे वळल्या. "अरे, मग सांगायचं ना! मला वाटलं, आता माझी बोटंच विसरायला लागली."

निरंजनने खुर्ची जवळ ओढली. त्याने विचारले, "नवी शिकवू का तुम्हाला?"

"शिकव की. परीक्षा होऊ दे. पण तोवर माझी जुनी होती तिथेच राहू दे."

"तुम्ही सांगाल तोवर," निरंजन म्हणाला.